एक पावसाळा तिथे काढून पाहा

पत्राचा सारांश : बडोद्याच्या कारेलीबाग भागातून एका वाचक भगिनींनी लिहिले आहे. त्यांचे वय ६४ वर्षे असून यजमान ७१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना दम्याचा जुना त्रास आहे आणि संध्याकाळी ते घरीच चार-पाच मुलांना तबला शिकवतात. घर बैठे, स्वतःचे आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीचे पाणी घरात अडीच फूट चढले आणि दोघांना तीन रात्री शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर काढाव्या लागल्या. मुलगा आणि सून मुंबईत गोरेगावला राहतात. बडोद्याचे घर विकून वसईच्या किनाऱ्याजवळ उभ्या राहत असलेल्या एका संकुलात सातव्या मजल्यावर घर घ्यावे, असा मुलाचा आग्रह आहे. समुद्राची हवा प्रकृतीला मानवेल, मुलगा जवळ राहील आणि ‘महाराष्ट्रात परत गेल्याचे समाधान’ मिळेल, असे या भगिनींनाही वाटते. विकासकाच्या माणसाने महिनाअखेर टोकन भरण्यास सांगितले आहे. यजमान मात्र ‘तुला पटेल तसे कर’ एवढेच म्हणतात. काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

आदरणीय ताई,

सादर नमस्कार. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले : ‘पाणी ओसरल्यावर पोळपाट सापडला, पण लाटणे गेले ते गेलेच.’ पुराने काय नेले हे त्या वाक्यातून जितके कळले तितके नुकसानभरपाईच्या कोणत्याही अर्जातून कळले नसते. म्हणून आरंभीच सांगते की तुमची भीती खरी आहे आणि ‘इतकी वर्षे राहिलो तसे पुढेही राहू’ असे सांगून मी तुमची समजूत काढणार नाही. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फुटांची मानली जाते आणि त्या आठवड्यात नदी ३५ फुटांच्याही वर गेली होती. ज्यांनी आपल्या अंगणातून मगर जाताना पाहिली आहे, त्यांना पावसाळ्यात शांत झोप लागत नाही, हे कोणाही बडोदेकराला समजावून सांगावे लागू नये.

परंतु पाण्याच्या भीतीने घर सोडणाऱ्याने नव्या जागी पाणी कसे वागते हे सर्वांत आधी पाहिले पाहिजे आणि तुमच्या पत्रात त्याविषयी एक ओळही नाही. वसई-विरारचा सखल पट्टा खाड्या, मिठागरे आणि शेती यांनी बनलेला आहे. पूर्वी पावसाचे पाणी तिथे पसरत असे आणि ओहोटीबरोबर उतरत असे. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती आणि मुसळधार पाऊस यांची गाठ पडली, की नाल्यांचे पाणी समुद्रात उतरत नाही, उलट मागे फिरते. मोकळ्या जागा जसजशा भरावाखाली गेल्या, तसतसे हे मागे फिरणारे पाणी वस्त्यांत शिरू लागले. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा परिसरात काही दिवस हेच झाले. वीज गेली, रूळ पाण्याखाली गेले, आणि आपल्या बडोदा एक्स्प्रेसचे प्रवासी नालासोपाऱ्याजवळ अडकून पडले, त्यांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने बाहेर काढले. आपल्यापैकी अनेकांच्या नात्यातले कोणी ना कोणी त्या दिवसांत त्या मार्गावर होते. पुराची कारणे शोधण्यासाठी पुढे आयआयटी मुंबई आणि नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) यांच्या तज्ज्ञांची समितीही नेमली गेली.

तुमचे नवे घर सातव्या मजल्यावर असणार, त्यामुळे घरात पाणी येणार नाही, हे मान्य. पण सातव्या मजल्यावरच्या माणसालाही दूध, औषध आणि पिण्याचे पाणी खालूनच आणावे लागते, आणि उद्वाहन विजेवर चालते. पुराचा प्रश्न केवळ मजला बदलल्याने सुटत असेल, तर तो बडोद्यातही सुटू शकतो. याकडे मी पुढे पुन्हा येते.

आता हवेविषयी. समुद्राची हवा प्रकृतीला चांगली, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि त्यात एक अंश खरा आहे. किनाऱ्यावर मे महिन्यात आपल्यासारखा ४२-४३ अंशांचा पारा चढत नाही, दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि आपल्याकडच्या धुळीचा त्रासही तिथे कमी असतो. परंतु आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी आहे, म्हणून घाम वाळतो आणि अंग निवते. तिथे हवेतच इतका ओलावा असतो की घाम अंगावरच राहतो, रात्री वारा पडला की उकाडा अधिक जाणवतो आणि वयपरत्वे शरीराला तो सोसणे कठीण जाते. शिवाय आपल्याकडे वर्षाला नव्वद-शंभर सेंटिमीटर पाऊस पडतो, त्या पट्ट्यात दोनशे सेंटिमीटरच्या पुढे. चार महिने भिंती ओल धरतात, कपाटांच्या मागे बुरशी येते आणि दमट अंथरुणात धुळीतले सूक्ष्म कीटक वाढतात. दम्याच्या रुग्णाला बुरशी आणि हे कीटक दोन्ही बाधू शकतात. यजमानांना किनारा मानवेल की बाधेल, हे कोणीही बडोद्यात बसून सांगू शकत नाही. काहींना मानवतो, काहींना मुळीच मानवत नाही. त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना हा प्रश्न नेमक्या शब्दांत विचारा : ‘हवापालट करू का?’ असे न विचारता, ‘जून ते सप्टेंबर सलग दमट हवेत राहिले तर यांच्या औषधांत काय फरक करावा लागेल?’ असे विचारा.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती कदाचित तुमच्या घरात तुम्हां दोघांनाच समजेल. तबल्याची पुडी कातड्याची असते. दमट हवेत ती सैल पडते, स्वर उतरतो, बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून चढवला तरी तासाभरात पुन्हा उतरतो, आणि पुडीवरच्या काळ्या शाईलाही ओल बाधते. माझ्या एका आतेबहिणीचे घर त्याच किनाऱ्यालगत, समुद्रापासून पाचसातशे पावलांवर आहे. तिच्याकडे श्रावणात गेले असता तिने मला बैठकीतली खिडकी दाखवली. तिच्या गजावरून नखाने हलकेच ओरखडले तेव्हा रंगाचा पापुद्रा आतल्या तांबेऱ्यासकट निघून आला. रंग दीड वर्षापूर्वीच दिला होता. तिच्या कपाटाच्या कुलपात दर पंधरा दिवसांनी खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडावे लागतात, काड्यापेटी ती तांदळाच्या डब्यात ठेवते आणि शीतकपाटाची मागची जाळी चार वर्षांत दोनदा बदलली आहे. ती तिथे सुखात आहे, हेही सांगते. तिने ही सारी कामे आपल्या दिनक्रमात बसवून घेतली आहेत. पण तिने ते पन्नाशीच्या आत केले.

गजाचे जे होते तेच भिंतीच्या आतल्या सळ्यांचे होते, म्हणून घर पाहताना ही बाब किरकोळ समजू नका. खारी हवा काँक्रीटमधून हळूहळू आत शिरते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो आणि आतून रेटून काँक्रीटचे टवके पाडतो. याच कारणासाठी काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, किनारी वातावरणाला ‘तीव्र’ या वर्गात धरले आहे. त्यानुसार सळईवर किमान ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण आणि किमान एम ३० दर्जाचे काँक्रीट अपेक्षित आहे. विकासकाच्या माणसाला बागेविषयी आणि पोहण्याच्या तलावाविषयी विचारण्याआधी हे दोन आकडे विचारा. ज्याने खरोखर असे बांधले आहे तो ते अभिमानाने सांगेल आणि कागद दाखवील. तसेच त्याच भागातली दहा-बारा वर्षे जुनी एखादी इमारत पाहा, विशेषतः सज्जांचे खालचे छत आणि जिन्याच्या तुळया, कारण तुमच्या नव्या घराचे दहा वर्षांनंतरचे रूप तिथे आजच पाहायला मिळेल.

कागदपत्रांबाबत मी जरा कठोर होणार आहे. वसई-विरार पट्ट्यात अनधिकृत इमारतींचा प्रश्न गंभीर आहे. नालासोपारा पूर्वेला ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानंतर पाडाव्या लागल्या. त्या ज्या जमिनीवर उभ्या होत्या ती सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखीव होती. त्यांत राहणाऱ्या कुटुंबांनी घराचे पैसे मोजले होते आणि वर्षानुवर्षे तिथे संसार केले होते. म्हणून प्रकल्पाचा महारेरा (राज्याचे गृहबांधणी नियामक प्राधिकरण) क्रमांक घ्या, त्यांच्या संकेतस्थळावर तो स्वतः उघडून पाहा, मंजूर नकाशा आणि त्यावर दाखल झालेल्या तक्रारी वाचा. समुद्राजवळच्या जागेला किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यावर वेगवेगळी बंधने आहेत, तेव्हा ‘समुद्र हाकेच्या अंतरावर’ असे जिथे सांगितले जाते तिथे ती परवानगी कशी मिळाली हे वकिलाकडून तपासून घ्यावेच लागते. इमारत तयार असेल तर ती राहण्यायोग्य असल्याचे पालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्यावाचून एक रुपयाही देऊ नका. ‘प्रमाणपत्र येतच आहे’ हे उत्तर ऐकले तर नमस्कार करून बाहेर पडा.

आणि टोकनाची महिनाअखेरची मुदत मनातून काढून टाका. नोंदणीकृत करार केल्याशिवाय विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हा कायदा आहे. भाव वाढेल ही भीती विक्री करणाऱ्याची नेहमीची आहे. बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरच्या मार्गावर विरार आणि बडोदे ही दोन्ही स्थानके आहेत, हेही तुम्हाला ऐकवले गेले असेलच. ती गाडी जेव्हा सुरू होईल तेव्हा आनंदाने बसा, पण आज तिच्या भरवशावर घर घेऊ नका.

आता ज्याला ‘सोयी’ म्हणतात त्याविषयी. तुम्ही माहितीपुस्तिकेतली यादी मला लिहून पाठवली आहे : व्यायामशाळा, समुद्राकडे तोंड असलेली सज्जा, क्लब हाऊस, मंदिर, चोवीस तास पाणी. मी तुम्हाला दुसरी यादी करायला सांगते. एक संपूर्ण आठवडा, सोमवार ते रविवार, तुम्ही दोघे घराबाहेर कुठे गेलात, कशाने गेलात, किती वेळ लागला आणि कोण भेटले, एवढे लिहून ठेवा. तुमच्या पत्रातूनच मला काही दिसते आहे. सकाळी कमाटी बागेत फेरी, परतताना भाजी, मंगळवारी बँक, गुरुवारी मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तक बदलणे, महिन्यातून एकदा खंडेराव मार्केट, यजमानांचे चार-पाच शिष्य, पलीकडच्या गल्लीतले दवाखान्याचे डॉक्टर, जे रात्री अकरालाही दार उघडतात. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये उभे केलेले ते ग्रंथालय तुमच्यासाठी अजून चालते आहे आणि तिथला कर्मचारी तुम्हाला तोंडाने ओळखतो, ही सोय कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापता येत नाही.

हीच यादी घेऊन मग वसईला जा. रेल्वेस्थानकापासून किनाऱ्यालगतच्या वस्त्या पाच ते दहा किलोमीटरवर आहेत. रिक्षा किंवा बस हा रोजचा खर्च आणि रोजची वाट पाहणे असते. भाजी ताजी मिळेल यात शंका नाही. त्या पट्ट्यातल्या वाड्यांतली पालेभाजी, फुले आणि केळी पिढ्यान्पिढ्या पहाटेच्या गाडीने दादरला जात आली आहेत आणि तिथली सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, तर तुम्हाला ठाऊकच असतील. रुग्णालये वसईतही आहेत. पण मोठा आजार उद्भवला आणि मुंबईला हलवावे लागले, तर महामार्ग आणि वसईच्या खाडीवरचा पूल ओलांडावा लागतो आणि ती वाहतूक कोणत्या वेळी कशी असते हे मुलाला विचारा, तो खोटे सांगणार नाही. पाण्याची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे. सूर्या धरणाच्या पाण्याच्या, रोज ४०३ दशलक्ष लिटरच्या योजनेत वसई-विरारचा वाटा रोज १८५ दशलक्ष लिटरचा आहे. तरीही तुमच्या इमारतीपर्यंत नळ पोहोचला आहे की टँकर येतो, हे शेजारच्या इमारतीच्या रखवालदाराला विचारल्यावरच खरे कळेल. किनाऱ्याजवळ अति उपसा झाला की विहिरी आणि कूपनलिका खाऱ्या होतात, म्हणून ‘आमची स्वतःची बोअर आहे’ या उत्तराने निश्चिंत होऊ नका.

समुद्राविषयीही एक सांगते. शनिवार-रविवारी अर्नाळा, राजोडी, कळंब या बाजूला बाहेरून पुष्कळ गर्दी येते, वाहनांचा आणि ध्वनिक्षेपकांचा आवाज असतो. पावसाळ्यात पाण्यात उतरणे धोक्याचे असते. उरलेल्या दिवसांतली किनाऱ्यावरची पहाट मात्र सुंदर असते, ओल्या वाळूवर चालायला गुडघ्यांना बरे वाटते आणि कोळणींची लगबग पाहताना वेळ कसा जातो कळत नाही. तुम्हाला त्याची ओढ वाटते यात गैर काहीच नाही. तुमची गंगापूजनाच्या वेळची दिव-द्वारकेची आठवण मी वाचली. चाळीस वर्षे घर सांभाळलेल्या बाईला शेवटी खिडकीतून पाणी दिसावे असे वाटले, तर त्या इच्छेला मी कमी लेखणार नाही.

मुलगा जवळ येईल, ही तुमची दुसरी अपेक्षा. गोरेगाव ते वसई रोड लोकलने पाऊण तासाच्या आसपास लागतो. दोन्ही बाजूंची रिक्षा धरली तर दाराहून दारापर्यंत दीड तास सहज होतो आणि विरार गाडीची गर्दी म्हणजे काय हे मुंबईकराला सांगावे लागत नाही. बडोद्याहून बोरिवली पाच-साडेपाच तासांवर आहे. तेव्हा अंतर नक्कीच कमी होईल. पण संध्याकाळी ऑफिसातून सुटून तो डोकावून जाईल असे चित्र मनात असेल, तर ते होणार नाही. तो रविवारी येईल, तेही सगळ्या रविवारी नाही. मुलाजवळ राहणे हाच खरा हेतू असेल, तर गोरेगाव-कांदिवलीच्या बाजूला, त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर, लहानसे भाड्याचे घर हा अधिक प्रामाणिक पर्याय आहे. तिथून समुद्र दिसणार नाही, मुलगा दिसेल. दोन्ही एकाच घरातून दिसावेत असा आग्रह धरल्यामुळे वसईचा पर्याय पुढे आला आहे, असे मला वाटते, आणि त्यात दोन्ही थोडे थोडे हुकण्याचा संभव आहे.

‘महाराष्ट्रात परत’ या तुमच्या शब्दांवर मी बराच वेळ विचार केला. तुमच्या सासरचे घराणे सयाजीराव महाराजांच्या काळात साताऱ्याकडून आले, असे तुम्ही लिहिता. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक झाली. गायकवाडांनी हे शहर १७३४ मध्ये घेतले तेव्हापासून इथे मराठी बोलली जाते. वसई चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतली ती १७३९ मध्ये, म्हणजे बडोद्यानंतर पाच वर्षांनी. देवउठी एकादशीला विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो तेव्हा तुम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या राहता, २०१८ चे साहित्य संमेलन इथे भरले तेव्हा यजमान स्वयंसेवक होते, आणि तुमच्या घरात डाळ गोड होते ती पिढ्यांपासून. तुमचे मराठीपण इथे उसने नाही. इथून गेल्यावर तुम्ही परत जाणार नाही आहात, एका नव्या गावी जाणार आहात.

तिथले मराठी लोकही वेगळे आहेत. सामवेदी, वाडवळ, कोळी, आणि चार-साडेचारशे वर्षांची परंपरा असलेला मराठी ख्रिस्ती समाज, अशा जुन्या, मायाळू लोकांचा तो मुलूख आहे. त्यांची बोली तुम्हाला पहिले काही महिने नीट कळणार नाही. तुमच्या बोलण्यातला ‘हिंचका’ (झोपाळा) आणि ‘ओटलो’ (ओटा) ऐकून त्यांना तुम्ही गुजराती वाटाल. हे जमवून घेता येते, अनेकांनी घेतले आहे. पण नव्या गावी ओळखी करायला शक्ती लागते आणि ती शक्ती तुमच्यात जितकी दिसते तितकी यजमानांत आहे का, हा प्रश्न मला पत्रभर छळत राहिला.

कारण ‘तुला पटेल तसे कर’ याला मी होकार समजत नाही. पुरानंतर घराचा निर्णय बायकोवर सोपवणारा माणूस कदाचित अपराधी वाटून गप्प झालेला असतो. आपण घर वाचवू शकलो नाही असे त्यांना वाटत असेल. किंवा मुलाला नाही म्हणावे लागू नये म्हणून ते बाजूला झाले असतील. त्यांना ‘जायचे का?’ असे विचारू नका, ते पुन्हा तेच उत्तर देतील. संध्याकाळची शिकवणी संपल्यावर, मुले गेल्यावर, तबल्यावर गवसणी घालताना त्यांच्याजवळ बसा आणि विचारा की ही मुले पुढे कोणाकडे जातील. त्या प्रश्नावर ते जे बोलतील, किंवा जितका वेळ गप्प राहतील, त्यातून तुम्हाला त्यांचे मन कळेल. मुलाच्या आग्रहालाही दुखवू नका. तीन रात्री आईवडिलांचा फोन लागत नव्हता तेव्हा त्याने मुंबईत बसून काय सोसले असेल, याचा विचार तुमच्या पत्रात नाही, तो करा. त्याला घराइतकीच तुमच्या सुरक्षिततेची खात्री हवी आहे आणि ती अनेक मार्गांनी देता येते.

तर मग प्रत्यक्षात काय करावे? माझे मत स्पष्ट सांगते : या वर्षी घर विकू नका आणि नवे घेऊही नका. मे महिन्याच्या अखेरीपासून अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर त्याच परिसरात एक घर भाड्याने घ्या. अकरा महिने जमत नसतील तर निदान जून ते सप्टेंबर. बहुतेक लोक डिसेंबरात किनाऱ्यावर जातात, हवा गोड असते, आणि घर पसंत करून येतात. तुम्ही जुलैत राहा. एखाद्या अमावास्येला, मोठ्या भरतीच्या वेळी पाऊस पडत असताना, संकुलाच्या फाटकापर्यंत जाऊन रस्त्यावर पाणी किती आहे ते पाहा. बडोद्याचे घर या काळात बंद ठेवा किंवा विश्वासाच्या माणसाला सांभाळायला द्या, सामान कपाटांच्या वरच्या कप्प्यांत हलवा. यजमानांच्या दम्याची नोंद रोज एका वहीत ठेवा, श्वासाचा फवारा (इनहेलर) किती वेळा लागला ते लिहा. सप्टेंबरअखेर ती वही आणि डॉक्टर, दोघांना समोरासमोर बसवा.

याच काळात बडोद्यातला दुसरा पर्यायही तपासा, कारण तो कोणी तुमच्यापुढे ठेवलेला दिसत नाही. नदीपासून दूर, उंचावरच्या भागात दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याचे घर. २०२५ च्या उन्हाळ्यात विश्वामित्रीचे पात्र खोल-रुंद करण्याचे मोठे काम झाले आहे, पण तेवढ्यावर विसंबून मी तुम्हाला बैठ्या घरात राहा असे म्हणणार नाही. २०२४ मध्ये कोणत्या गल्लीत किती पाणी होते, हे गावातल्या प्रत्येक दूधवाल्याला ठाऊक आहे, त्याला विचारून भाग निवडा. ग्रंथालय, डॉक्टर, शिष्य सगळे राहील आणि पाणी खाली राहील. समुद्राची ओढ वर्षातून दोन महिने हिवाळ्यात भाड्याच्या घरात राहून भागवता येते, आणि तेव्हाची हवाही यजमानांना सोसेल असे वाटते.

विकण्याचाच निर्णय झाला, तरी घाई नको. जुने घर विकल्यावर दुसरे तयार घर घेण्यास दोन वर्षे, बांधून घेण्यास तीन वर्षे प्राप्तिकराच्या सवलतीसाठी मिळतात. तोवर रक्कम विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी बँकेतल्या भांडवली नफ्याच्या खात्यात ठेवता येते. सनदी लेखापालाकडून हे तुमच्या आकड्यांसह समजून घ्या. घराची सगळी किंमत नव्या घरात घालू नका, निदान चार-पाच वर्षांच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला राहू द्या. आणि नवे घर तुम्हां दोघांच्या नावावर असू द्या. मुलाचे नाव नंतर मृत्युपत्राने येईलच. हे सांगताना मी मुलावर संशय घेत नाही. गोरेगावच्या घराचे कर्ज, नोकरी, परगावी बदली, यांतले काहीही उद्या आले, तर त्याचा परिणाम तुमच्या छपरावर होऊ नये, एवढेच.

तुमच्यासारखीच पत्रे मला अलकापुरी आणि मांजलपूरहूनही आली आहेत, कोणाला अलिबाग हवे आहे, कोणाला दीव, कोणाला रत्नागिरी. त्यांनीही स्थळाचे नाव बदलून हेच तपासावे : पावसाळ्यातले पाणी, पिण्याचे पाणी, सळईवरचे आवरण, भोगवटा प्रमाणपत्र, रात्री अकराचा डॉक्टर.

मेमध्ये निघताना तबला-डग्गा बरोबर न्या, ताई. घरी ठेवला तर आपण पाहुणे म्हणून आलो आहोत असेच यजमानांना वाटत राहील. चामड्याच्या दोन जादा वाद्या आणि हातोडी पेटीत टाका आणि ओल शोषण्यासाठी गवसणीत सिलिकाच्या पुड्या ठेवा. संकुलात किंवा आसपासच्या वाडीत एखादे मूल शिकायला येते का, ते पहिल्या महिन्यातच विचारून ठेवा. आणि ऑक्टोबरात मला पुन्हा लिहा.